जोडीतली बारीक तार

बारा तारांच्या गिटारवर सर्वांत बारीक तार पहिली नसते. सहा तारांची गिटार वाजवणाऱ्याला हे चटकन पटत नाही, कारण पहिल्या तारेपासून सहावीकडे जाताना तारा क्रमाने जाड होत जातात, ही त्याच्या बोटांना लागलेली सवय असते. बारा तारांत ती बारीक तार मधेच, तिसऱ्या जोडीत, जाड तारेला बिलगून बसलेली असते. पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते आणि ही मधली तार ३९२ वेळा. तिची जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ताण इतका, की खुंटी पिळताना चेहरा आपोआप बाजूला वळतो. माझ्या गिटारवर आजवर ज्या तारा तुटल्या, त्यांतल्या बहुतेक याच होत्या.

एका पावसाळ्यात ती अशीच तुटली आणि तेवढी बारीक सुटी तार मिळेपर्यंत जवळजवळ पंधरा दिवस गेले. त्या काळात मी अकरा तारांवर वाजवत राहिले. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गुच्छ, त्याच होत्या, सूरही सगळे जागच्या जागी होते, कारण जी तार नव्हती तिचा सूर शेजारची जाड तार एक सप्तक खाली देतच होती. तरीही माझ्या लाडक्या, साठच्या दशकातल्या गाण्यांच्या ओळी त्या गिटारवर मला ओळखूच येईनात. खोलीतला एखादा दिवा काढून नेल्यावर सामान तेच राहते पण खोली निराळी दिसते, तसे काहीसे ते होते. या वाद्यात आपल्याला नेमके काय आवडते, याचा मी पहिल्यांदा गांभीर्याने विचार केला तो त्या पंधरवड्यात.

मांडणी सांगायला सोपी आहे. तारा बारा असल्या तरी जोड्या सहाच, आणि बोट एका वेळी संपूर्ण जोडी दाबते. वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार नेहमीच्या सुरात आणि दुसरी तिच्याहून एक सप्तक वर. म्हणजे हाताला सहा तारांचीच कामे करायची असतात, पण कानाला मात्र मंद्रातला सूर आणि त्याचा वरचा जोडीदार एकाच वेळी ऐकू येतो. या आवाजासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. काचेच्या बांगड्यांची किणकिण त्यात आहे, पैंजणांची रुणझुण आहे; पण मला त्यातल्या त्यात झणत्कार हा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात आघातही आहे आणि आघातानंतर हवेत उरणारे काहीतरीही आहे.

हे वाद्य रॉकने शोधून काढलेले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते गोरगरिबांच्या आणि रस्त्यावर गाणाऱ्यांच्या हातात होते. जॉर्जियातला ब्लाइंड विली मॅक्टेल त्यावर ब्लूज वाजवत असे, आणि लुइझियानाचा हडी लेडबेटर, ज्याला जग लेड बेली म्हणून ओळखते, आपली स्टेला बनावटीची गिटार कितीतरी खाली उतरवून लावत असे. त्याच्या हातात हे वाद्य घुमते, दणकते. पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटते. रुणझुण म्हणावी अशी तिथे नाहीच. लेड बेली १९४९ मध्ये गेला. त्याच्यानंतर लोकसंगीताच्या मंडळींनी हे वाद्य जपले आणि १९६३ च्या आरंभी रूफटॉप सिंगर्स या त्रिकुटाने दोन बारा तारांच्या गिटारी घेऊन केलेले एक जुने गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पण ती वाद्ये पोकळ लाकडी पेटीची, विजेशिवाय वाजणारी होती. मला ज्या आवाजाबद्दल बोलायचे आहे, तो त्यानंतर एका वर्षाने जन्माला आला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा बीटल्स हा गट पहिल्यांदा अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियातल्या रिकेनबॅकर कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल यांनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी आपली वाद्ये मांडून ठेवली होती. गटातला जॉन लेनन तिथे गेला. गटाचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मात्र घसा धरल्यामुळे आपल्या हॉटेलात अंथरुणावर पडून होता. मांडलेल्या वाद्यांत कंपनीने नुकतीच तयार केलेली बारा तारांची विजेवरची गिटार होती. ही जॉर्जला दाखवली पाहिजे असे लेननला वाटले, म्हणून ती हॅरिसनच्या खोलीत नेण्यात आली. कंपनीने बनवलेली ती त्या प्रकारची अवघी दुसरी गिटार. हॅरिसन तेव्हा वीस वर्षांचा होता. तो एकविसावा वाढदिवस साजरा करत होता त्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, लंडनच्या स्टुडिओत ती पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली.

या गिटारच्या घडणीत दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्हींचा मला फार आदर वाटतो. पहिली खुंट्यांची. बारा खुंट्या एका रांगेत लावल्या की गिटारचे डोके लांबलचक होते आणि वाद्य हातात पुढे झुकते. रिकेनबॅकरच्या कारागिरांनी सहा खुंट्या नेहमीसारख्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या सहा, डोक्यात खाचा कोरून, मागच्या बाजूला वळवल्या. त्यामुळे समोरून पाहिले तर ती सहा तारांचीच गिटार दिसते. दुसरी गोष्ट तारांच्या क्रमाची. एरवी बारा तारांच्या गिटारवर हात वरून खाली आला की जोडीतली बारीक तार आधी लागते आणि जाड तार नंतर. रिकेनबॅकरने हा क्रम उलटा ठेवला. आधी जाड तार लागते, सूर पाया घालतो, आणि लगोलग बारीक तार त्याच्यावर चमकते. दोन आघातांमध्ये सेकंदाचा किती बारीकसा भाग जात असेल! पण कान तेवढे अंतर ओळखतो. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गिटारी वाजवल्या आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१६ एप्रिल १९६४ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत बीटल्सचे ‘अ हार्ड डेज नाइट’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्याची सुरुवात एकाच आघाताने होते, आणि त्या एका कॉर्डमध्ये नेमके कोणते सूर आहेत यावर संगीतकारांनी आणि गणितज्ञांनीही डोकी खपवली आहेत. हॅरिसनने पुढे स्वतः सांगितले की तो एफ कॉर्ड वाजवत होता आणि तिच्यावर जी हा सूर. त्यात पॉल मॅकार्टनीच्या बासचा डी हा सूर मिसळला, लेननची गिटार मिसळली, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानो मिसळला. पण त्या कॉर्डला प्रकाश दिला तो बारा तारांनी, असे माझे ठाम मत आहे. गाण्याच्या मध्यावरची गतही ऐकण्यासारखी आहे. ती टेप अर्ध्या वेगाने चालवून गिटार आणि पियानो यांवर एकत्र वाजवली आहे, त्यामुळे मूळ वेगात ती दुप्पट जलद आणि एक सप्तक वर ऐकू येते. आणि अखेरीस गाणे थांबत नाही. बारा तारांवर एकेक सूर उलगडत जातो आणि आवाज हळूहळू विरतो. पुढच्या दोन वर्षांचे सगळे संगीत त्या विरत जाणाऱ्या काही सेकंदांत दडलेले होते, असे मला दर वेळी वाटते.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. १९६४ च्या सुरुवातीलाच, हॅरिसनची ती गिटार कोणी ऐकण्याआधी, लिव्हरपूलच्याच सर्चर्स या गटाचे ‘नीडल्स अँड पिन्स’ हे गाणे गाजत होते. त्यातली गिटार बारा तारांची वाटते, पण त्या आहेत सहा तारांच्या दोन गिटारी, एकच ओळ एकत्र वाजवणाऱ्या. म्हणजे कानांना तो आवाज आधीच हवासा झाला होता. तो एका हातात देणारे वाद्य मागून आले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बीटल्सचा चित्रपट आला आणि लॉस एंजेलिसमध्ये तो पाहणाऱ्यांत जिम मॅग्विन नावाचा एक तरुण होता, जो पुढे रॉजर मॅग्विन म्हणून ओळखला गेला. तो शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये बॅन्जो आणि गिटार शिकलेला, बारा तारांची लाकडी गिटार चांगली वाजवणारा. पडद्यावर हॅरिसनची गिटार त्याला आधी सहा तारांचीच वाटली. हॅरिसन वळला तेव्हा डोक्याच्या मागच्या सहा खुंट्या दिसल्या आणि गुपित उलगडले. मॅग्विनने तशीच गिटार मिळवली. खुंट्या मागे वळवण्यामागे कारागिरांचा हेतू तोल साधण्याचा होता. पण एका माणसाने वाद्य ओळखावे ते त्याच खुंट्यांवरून, हे मला फार सुंदर वाटते.

२० जानेवारी १९६५ रोजी हॉलिवूडमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत मॅग्विनच्या बर्ड्‌स या गटाने बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ ध्वनिमुद्रित केले. गटाचे बाकीचे वादक अजून तयार नाहीत असे ठरल्यामुळे वाद्ये वाजवायला शहरातले व्यावसायिक वादक बोलावले गेले. गटातल्या एकट्या मॅग्विनचीच गिटार त्यात आहे. सुरुवातीची ओळ रचताना मनात बाखचे संगीत होते, असे त्याने नंतर सांगितले. त्या जूनमध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते आणि जुलैमध्ये ब्रिटनमध्ये.

तो आवाज कसा घडला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रिकेनबॅकरचा मूळ आवाज तेजस्वी असला तरी अल्पायुषी आहे. आघात झाला की सूर लगेच बसतो. गिटारची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडली होती आणि ध्वनियंत्रकाने वाटेत एकापाठोपाठ एक कॉम्प्रेसर लावले होते. कॉम्प्रेसर हे यंत्र आघाताचा जोर दाबते आणि मागे राहिलेला क्षीण सूर वर उचलते. बारा तारांच्या बाबतीत या मागे राहिलेल्या सुरातच सगळी श्रीमंती असते, आणि एरवी ती कानाआड जाते. यंत्राने ती पुढे आणली. बोटांचेही काम होते. मॅग्विन अंगठा आणि तर्जनी यांत एक नखी धरत असे आणि उरलेल्या दोन बोटांना धातूच्या नख्या चढवून, बॅन्जो वाजवताना जसे सूर गरगर फिरवतात, तसे गिटारवर फिरवत असे. लोकसंगीताच्या शाळेत शिकलेला हात, कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले वाद्य आणि स्टुडिओतले एक यंत्र, यांतले एक जरी काढले तरी तो आवाज उरत नाही. खिशातल्या ट्रान्झिस्टरच्या छोट्याशा स्पीकरमधूनही तो स्पष्ट पोचत असे, कारण त्याचे प्राण वरच्या सप्तकात होते.

हे वाद्य वाजवणे कष्टाचे आहे. तार ओढून सूर वर चढवणे, जे ब्लूजच्या गिटारवादनाचे सर्वस्व, ते इथे जवळजवळ अशक्य असते. एका जोडीतल्या जाड आणि बारीक तारा सारख्या ओढल्या तरी सारख्या चढत नाहीत आणि सूर फाटतो. म्हणून वादक ओढणे सोडतो आणि उलगडण्याकडे वळतो. मोकळ्या तारा वाजू द्यायच्या, कॉर्ड एकदम न आपटता तिचे सूर एकामागून एक सोडायचे आणि आधीचा सूर विझण्याआधी पुढचा यायचा, असे ते वादन घडत जाते. साठच्या मध्यावर जे नवे वळण आले असे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे या वाद्याने वादकांना करायला लावले आहे. माझ्या हातालाही त्यानेच शिकवले. सहा तारांवर मला जी घाई होती ती बारा तारांवर राहिली नाही.

आता त्या चमकेबद्दल. दोन तारा अगदी एका सुरात लावल्या असे आपण समजतो, पण एक ३३० कंपनांची आणि दुसरी ३३१ ची असेल, तर सेकंदातून एकदा आवाज फुगतो आणि एकदा ओसरतो. ही लहर फार जलद झाली तर सूर बेसूर वाटतो. संथ असेल तर सूर जिवंत वाटतो. बारा तारांच्या गिटारवर ही लहर पूर्णपणे घालवणे जमतच नाही. मोकळ्या तारा जुळवल्या तरी गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावर बोट दाबले की जाड आणि बारीक तार वेगवेगळ्या प्रमाणात ताणल्या जातात, आणि त्या काळच्या वाद्यांवर घोडीशी एका जोडीतल्या दोन्ही तारांना एकच टेकू असे. त्यामुळे प्रत्येक पडद्यावर प्रत्येक जोडीचे अंतर थोडे निराळे पडते. सहा जोड्या एकत्र वाजल्या की सहा निरनिराळ्या लाटा उठतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की ती चमक तयार होते.

हे मला कळले ते गिटारमुळे नव्हे. लहानपणी सुट्टीत मी सांगलीला आत्याकडे जात असे. तिच्याकडे मिरजेत घडवलेला तंबोरा होता आणि पहाटे ती तो लावायला बसे. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. जोडाशी ती खूप वेळ थांबे. मणी केसभर खाली, केसभर वर. मी कंटाळून एकदा म्हटले, “आत्या, लागला की जोड! किती वेळ लावतेस?” ती तार छेडत म्हणाली, “अगं, नीट ऐक. अजून हलतोय. हलायचा थांबला की दोन तारा राहत नाहीत.” मग तिने मला मांडीशी बसवून ऐकवले. सूर खरेच हलत होता, संथपणे, पाण्यावरच्या दिव्यासारखा. मणी किंचित सरकला, हलणे मंदावले आणि थांबले. त्यानंतर तिने घोडीवरचे जवारीचे दोरे सारखे केले आणि तंबोऱ्यातून एकदम असंख्य सूर बाहेर आले.

बारा तारांची गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती ओळखीची वाटली ती या आठवणीमुळे, आणि कित्येक वर्षे मी असेच समजत होते की तंबोरा आणि ही गिटार एकाच कारणाने झळकतात. ते खरे नाही. तंबोऱ्यात जोड अगदी एकरूप करायचा असतो. झळाळी येते ती जवारीतून, तार घोडीच्या किंचित उताराला घासून वाजते आणि तिच्यातले वरचे स्वर उमलतात त्यातून. गिटारवर जवारी नाही. तिथे झळाळी येते ती जोड एकरूप न झाल्यातून. आत्या जे हलणे घालवण्यासाठी अर्धा तास बसे, त्याच हलण्यावर ही गिटार जगते. कान मात्र दोन्हीकडे एकच मागत असतो: एकटा सूर त्याला पुरत नाही, सुराभोवती वावरणारे काहीतरी हवे असते.

हे नाते मी एकटीने जोडलेले नाही. बर्ड्‌सनी आपली सुरुवातीची तालीम लॉस एंजेलिसच्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत केली, आणि पंडित रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रिका त्याच स्टुडिओतून निघत होत्या. गटातल्या डेव्हिड क्रॉस्बीला त्या संगीताने झपाटले, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स त्या शहरात आले असताना त्याने हॅरिसनला रविशंकरांबद्दल भरभरून सांगितले. त्या डिसेंबरमध्ये आलेल्या बीटल्सच्या ‘रबर सोल’ या तबकडीवर एका गाण्यात हॅरिसनची सतार आहे आणि दुसऱ्यात त्याची बारा तारांची गिटार. त्या गिटारची ओळ बर्ड्‌सच्या एका गाण्यावरून सुचल्याचे त्याने मोकळेपणाने कळवले होते. देणे एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. रोलिंग स्टोन्सच्या ‘मदर्स लिटल हेल्पर’मध्ये अनेकांना सतार ऐकू येते, पण ती सतार नाही, बारा तारांच्या गिटारवर स्लाइड, म्हणजे बोटात घालायची नळी, घासून काढलेला तो सूर आहे. आणि १९६६ च्या ‘एट माइल्स हाय’मध्ये मॅग्विनने जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनच्या मागे आपली गिटार धावायला लावली. त्या ओळीचा उगम कोल्ट्रेनच्या ज्या रचनेत आहे, तिचे नाव ‘इंडिया’ आहे. प्रवासात बर्ड्‌स कोल्ट्रेन आणि रविशंकर एकाच टेपवर पुन्हा पुन्हा ऐकत असत.

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला आणि ताजमध्ये उतरला. तो तिथे आहे हे कळताच बाहेर गर्दी जमली, आणि गुरुशिष्यांना पुढे काश्मीर गाठावे लागले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला तो फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला. त्या वादकांत शिवकुमार शर्मा होते, ज्यांच्या संतूरमध्ये एकेका सुराला एकाहून अधिक तारा असतात. तोपर्यंत हॅरिसनच्या गाण्यांतून बारा तारांची गिटार जवळजवळ निघून गेली होती. जगही पुढे गेले होते. ॲम्प्लिफायरचा आवाज फाडून वाजवण्याचे दिवस आले, आणि त्या फाटलेल्या आवाजात जोडीतली बारीक तार चिखल करते. तार ओढून रडवणाऱ्या जिमी हेंड्रिक्सच्या पिढीला या वाद्याचे काम उरले नाही. मॅग्विन मात्र बारा तारांच्या गिटारला धरून राहिला.

नवी तार आली त्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता आणि लाकूड ओलाव्याने फुगलेले होते. मी ती घोडीत अडकवली, खुंटीवर गुंडाळली, चेहरा बाजूला वळवून पिळत गेले. शेजारच्या जाड तारेच्या वरच्या सप्तकाशी ती येऊन भिडली तेव्हा सूर जोरजोरात हलू लागला, मग सावकाश, मग अगदी सावकाश. आत्याने मणी आणखी केसभर सरकवला असता. मी खुंटीवरचा हात काढला, आणि ती जोडी एकटीच छेडून तो सूर विझेपर्यंत ऐकत बसले.